खिडकीतलं तेलुगू

संपादकांचा फोन आला, "बाई, तुमच्या तेलुगूच्या क्लासमधल्या गमतीजमती लिहा ना अंकासाठी. लोकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हटलं आणि लिहायला बसले, तर एकही गंमत आठवेना. आठवला तो नुसता संताप. डोंबिवलीत बसून मराठी माणसांना तेलुगू शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आणि त्यातला बराचसा वेळ मी चिडलेलीच होते, हे आत्ता लक्षात येतंय. तेव्हा ज्यांना हलकंफुलकं हवं असेल, त्यांनी खुशाल पुढचा लेख काढावा.

पहिला राग 'मद्रासी' या शब्दाचा. आमचं घर भिवंडीतलं, पद्मशाल्यांचं, म्हणजे तेलुगू विणकरांचं. पणजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले आणि इथलेच झाले. घरात तेलुगू, अंगणात मराठी, शाळा तर मराठीच. तरी लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा शेजारणीने कौतुकाने म्हटलं, "तुम्ही मद्रासी असून मराठी किती छान बोलता हो!" आमच्या सात पिढ्यांत मद्रास कोणी पाहिलेलं नाही. कहर म्हणजे माझ्या सख्ख्या नातवाने एकदा मित्राला माझी ओळख करून दिली ती अशी : "ही माझी आजी. ती तमिळ-बिमिळ असं काहीतरी शिकवते." त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

माझी नोकरी एका खासगी भाषावर्गात होती. स्टेशनजवळ, भाजी मार्केटच्या वर, पहिल्या मजल्यावर. पुढच्या मोठ्या खोल्यांत जर्मन आणि जपानी, आणि अगदी शेवटच्या, रस्त्याकडच्या खोलीत मी. माझ्याकडे येणार कोण? हैदराबादला बदली झालेले बँकवाले, तेलुगू घरात लग्न ठरलेल्या मुली, आणि भिवंडीचे पेशंट येतात म्हणून दोन शब्द शिकू पाहणारा एखादा डॉक्टर.

सुरुवात मी वर्तमानकाळापासून करत असे. तो सोपा आहे, आणि आपल्या ओळखीचाही आहे. मराठीत आपण 'करत' आणि 'आहे' असे दोन शब्द बोलतो. तेलुगूत 'चेस्तू' म्हणजे करत आणि 'उन्नानु' म्हणजे मी आहे. दोन्ही घट्ट चिकटतात आणि होतं 'चेस्तुन्नानु', मी करतोय. पुरुषही तेच म्हणतो, बाईही तेच म्हणते. तू करतोयस तर 'चेस्तुन्नावु'. तुम्ही करताय तर 'चेस्तुन्नारु'. तो करतोय तर 'चेस्तुन्नाडु'. धड तेच ठेवायचं, शेपूट बदलायचं. आणि ती करतेय तर 'चेस्तोंदि'. मग ती बाई असो, कुत्रं असो की पिठाची गिरणी असो, 'चेस्तोंदि'च. इथे दर बॅचला एखादी मुलगी भडकायचीच, "म्हणजे बाई आणि कुत्रं एकाच दावणीला?" मी म्हणायचे, भडक बाई, भडकलंच पाहिजे. लहानपणी मीही आईवर भडकले होते. आई शांतपणे म्हणाली, "बाईला मान द्यायचा असेल तर चेस्तुन्नारु म्हणता येतं की. भाषेत सोय आहे. लोकांच्या तोंडात नाही, त्याला भाषा काय करणार?"

हे सगळं फळ्यावर लिहिलं की पंधरा मिनिटांत संपतं, आणि दुसऱ्या दिवशी कोणालाही बोलता येत नाही. कारण वर्तमानकाळ फळ्यावर नसतोच. तो समोर चाललेला असतो. म्हणून मी सगळ्यांना खिडकीशी उभं करायचे. खाली मार्केट, रिक्षांची रांग, चहाची टपरी. "बघा आणि सांगा, आत्ता काय चाललंय." रिक्षावाला चहा पितोय, "चाय तागुतुन्नाडु." बाई भाजी विकतेय, "कूरगायलु अम्मुतोंदि." कोणीतरी कोणालातरी शिव्या देतोय, "तिडुतुन्नाडु." हे शेवटचं क्रियापद आमच्या मार्केटच्या कृपेने सगळ्यांचं सर्वांत पक्कं व्हायचं. जो माणूस वहीत डोकं घालून अडखळायचा, तोच खिडकीत उभा राहिला की सुटायचा. समोर रिक्षावाला कप ठेवतोय म्हटल्यावर घाई करावीच लागते. या खिडकीचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

मग चिन्मय आला. आयटीत मॅनेजर, हैदराबादला फ्लॅट घेतलेला. पहिल्याच दिवशी हात वर केला.

"मॅम, एक सजेशन आहे. हे वर्तमानकाळ वगैरे स्किप करू या का? मला फक्त कामापुरतं हवंय. इकडे ये, हे उचल, गाडी हळू चालव, खाली थांब. बाई आणि ड्रायव्हरला सांगण्यापुरतं. बाकी सगळे तिकडे इंग्लिशच बोलतात."

"आणि ड्रायव्हरने तुम्हाला काही सांगितलं तर?" मी विचारलं.

"तो कशाला काय सांगेल?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आता हा राग कुठून आला ते सांगायलाच हवं. माझे वडील भिवंडीत मागावर होते. कारखान्यात खडखडाट असा की माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. तिथल्या मुकादमाला तेलुगूतले तीनच शब्द यायचे. 'रा', म्हणजे ये. 'पो', म्हणजे जा. आणि 'तोंदरगा', म्हणजे लवकर. उभ्या हयातीत त्याने माझ्या वडिलांना "काय करताय?" असं विचारलं नाही, कारण ते विचारण्याची भाषाच त्याने घेतली नव्हती. मी डबा घेऊन जायची आणि दारातून ते तीन शब्द ऐकायची. नुसत्या हुकमांपुरती जो भाषा शिकतो, त्याला समोरच्या माणसाशी कर्तव्य नसतं. हे मला चौथीत असल्यापासून माहीत आहे, त्यासाठी भाषाशास्त्र शिकावं लागलं नाही.

चिन्मयला मी एवढंच म्हटलं, "हैदराबादला माणसं राहतात. रिमोटने चालणारी खेळणी नाहीत." तो गेला तो थेट रोहनच्या केबिनमध्ये. रोहन म्हणजे आमचे संचालक. मुलगा गोड, मला आदराने मॅडम म्हणायचा, आणि आदराने माझं सगळं मोडीत काढायचा. पुढच्या महिन्यात त्याने नवा कोर्स काढला, 'झटपट तेलुगू'. त्यात होते सगळे हुकूम. वर्तमानकाळ गायब.

"मॅडम, कस्टमरला काय पाहिजे ते बघा ना. त्याला ग्रामर नकोय यार... सॉरी, मॅडम."

"अरे, हे ग्रामर नाही. हे बोलणं आहे."

"तेच ते."

मी चहा न पिता उठले. दुसरं काय करणार?

अशा दिवसांत करंदीकर काका आले. टिटवाळ्याला राहणारे, एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. 'झटपट'मध्ये नाव घालायला आले होते, पण नोंदणीच्या टेबलापाशी वाद घालत होते. "मला हुकूम नकोत हो. मला वर्तमानकाळ हवाय. आठ दिवसांत."

मी त्यांना माझ्या खोलीत नेलं. तिथे त्यांनी सांगितलं ते असं. मुलगा हैदराबादला नोकरीला होता, तिकडच्याच मुलीशी लग्न केलेलं. दोन वर्षांपूर्वी तो अपघातात गेला. सून लेकीला घेऊन करीमनगरला माहेरी गेली. त्यात कोणाचं काही चुकलं नाही, काका स्वतः पुन्हा पुन्हा म्हणत होते. नातीचं नाव मीरा, तिकडे तिला चिन्नी म्हणतात. ती मराठी विसरली. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल होई. आधी अर्धा तास, मग दहा मिनिटं, आता ती पडद्यासमोर यायलाही तयार नसे. आणि सुनेचं दुसरं लग्न ठरत होतं. व्याही सज्जन गृहस्थ, त्यांनी मोडक्या हिंदीत स्पष्ट सांगितलं होतं : नव्या घरात पोरीवर कशाचीच जबरदस्ती करता येणार नाही. ती स्वतःहून तुमच्याशी बोलली तर फोन चालू राहील, नाही तर तुम्हीही आग्रह धरू नका.

"म्हणजे तिला माझ्याशी बोलावंसं वाटलं पाहिजे," काका म्हणाले. "आणि मला तिची भाषा येत नाही."

यावर त्यांचे नातेवाईक काय म्हणत होते माहीत आहे? "जाऊ द्या ना आता. ती त्यांचीच झाली." एक विद्वान म्हणाला, "थांबा थोडं, इंग्लिश मीडियमला गेली की बोलेल तुमच्याशी." जिवंत नात पडद्यावर दिसतेय आणि हे सांगतायत, इंग्लिश येईपर्यंत थांबा! मला त्यांची नावं-गावं माहीत नाहीत ते बरं आहे.

काकांनी वर्तमानकाळ आठ दिवसांत केला, खरंच. घरी जाऊन त्यांनी ड्राफ्ट्समनच्या हाताने तक्ता आखला. आडव्या ओळीत माणसं, उभ्या ओळीत क्रियापदं, प्रत्येक चौकोनात रूप. एकही चूक नाही. वर्गातल्या तरुण पोरांनी फोटो काढून घेतले त्याचे. रविवारी फोन झाला आणि सोमवारी काका आले ते चेहरा पाडून.

"मी विचारलं, नुव्वु एम् चेस्तुन्नावु? तू काय करतेयस?"

"मग?"

"एम् लेदु, म्हणाली. म्हणजे काही नाही ना? मग विचारलं, काय खातेयस? एम् लेदु. कुठे जातेयस? एम् लेदु. मग गेलीच ती. उच्चार चुकला का हो माझा?"

उच्चार उत्तम होता. चूक निराळीच होती, आणि ती आपल्या सगळ्या पांढरपेशा घरांची आहे, म्हणून मला तिचा जास्त राग येतो. मूल दिसलं की आपण त्याची परीक्षा घेतो. नाव काय, कितवीत, कविता म्हणून दाखव, मोठा होऊन कोण होणार. पाहुणा घरात आला की पोरं आतल्या खोलीत का पळतात, ते पोरांना विचारा. काकांनी कोरी करकरीत भाषा शिकून तीच परीक्षा तेलुगूत घेतली होती. मी म्हटलं, "काका, विचारू नका. सांगा. खिडकीशी या."

वळून पाहते तर खिडकी काळी. बाहेरून भलंमोठं कापड ताणलेलं. उलट बाजूने अक्षरं दिसत होती : कोणा भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. इमारतीचे मालक खालीच उभे होते. त्यांचं घराणं इथलंच, पूर्वी त्यांची शेती होती, आता त्या शेतीवर ही इमारत आहे. मी तरातरा खाली गेले.

"शेठ, माझी खिडकी झाकलीत तुम्ही."

"बाय, आथां कसा कारनार तो बॅनर? भाऊंचा वारदिस हाय."

"वाढदिवस एक दिवस असतो. उद्या काढा तो."

"नाय गो बाय, भाऊंचा म्हयनाभर चालतं."

शेठ निदान हसले तरी. रोहन म्हणाला, "बरंच झालं मॅडम, एसी लावायचाच होता त्या खोलीत. आणि एक बोलायचं होतं. ते करंदीकर काका, त्यांच्यामुळे बॅच स्लो होतेय. सीनियर सिटिझन्सचं वेगळं काहीतरी बघू ना आपण नंतर."

नंतर! काकांच्या नातीला नवीन घरी जायला जेमतेम सहा महिने उरले होते, आणि हा म्हणतो नंतर. त्या दिवशी मी खडू टेबलावर ठेवला तो परत उचलला नाही. लोक विचारतात, बाई, तुम्ही अचानक निवृत्त का झालात? झाले कसली, एका बॅनरने मला घरी पाठवलं. खरं सांगायचं तर राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये अशी माझी इच्छा आहे.

त्यानंतर काकांची शिकवणी टिटवाळ्याला, त्यांच्याच घरी सुरू झाली. कल्याणला गाडी बदलून मी दुपारची जायची. दुसऱ्या मजल्यावरचं घर, लहानशी गॅलरी, आणि समोर नव्या टॉवरसाठी टेकडी खणायचं काम चाललेलं. धूळ इतकी की काकू दिवसातून तीनदा गॅलरी पुसायच्या. काकू बोलायच्या कमी. रविवारच्या फोनसमोर त्या बसत नसत. बसल्या की रडू येई, आणि रडणारी आजी बघून पोर आणखी लांब पळे. म्हणून त्या वेळी त्या ओट्याशीच काहीतरी काम काढायच्या.

मी काकांना गॅलरीत उभं केलं. "सांगा, काय चाललंय?"

"काय चालणार? जेसीबी माती खणतोय."

"तेलुगूत."

"जेसीबी... मन्नु... तव्वुतोंदि."

"परवा हेच सांगायचं. एकही प्रश्न विचारायचा नाही. विचारलात तर माझ्याशी गाठ आहे."

रविवारी मी सकाळीच तिथे पोचले. फोन लागताच काकांनी तो फिरवला आणि टेकडीसमोर धरला. पडद्याच्या कोपऱ्यात मीराचा अर्धा कान दिसत होता, एवढंच. काका सांगू लागले. जेसीबी खणतोय. लॉरी येतेय. एक माणूस ओरडतोय. कुत्रं भुंकतंय. लॉरी मागे जातेय, माणूस आणखी ओरडतोय. कान वळला. एक डोळा आला. जेसीबीने एक भलामोठा दगड उचलला आणि धप्पकन पाडला, आणि तिकडून आवाज आला, "मळ्ळी!"

काकांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. हा शब्द त्यांच्या तक्त्यात नव्हता.

"पुन्हा म्हणते," मी म्हटलं.

जेसीबीला पुन्हा दगड पाडायला सांगणं काही आमच्या हातात नव्हतं, पण त्या ड्रायव्हरचं भलं होवो, त्याने आपणहून पाडला. त्या दिवसापासून रविवारी मीरा स्वतः फोन लावायला सांगू लागली. तिला आजोबा हवे होते असं मी म्हणणार नाही, तिला जेसीबी हवा होता. काकांना ते चांगलं कळत होतं. "चालेल," ते म्हणायचे, "जेसीबीच्या शेजारी उभा राहीन मी." तिने त्यांना ताता म्हणायला सुरुवात केली. तिकडे आजोबांना ताता म्हणतात.

पण खणलं की बांधणं आलंच. पाया भरला, जेसीबी गेला. खांब वर चढले, मजले चढले, आणि एका आठवड्यात समोर हिरवी जाळी अशी ताणली गेली की गॅलरीतून जाळीशिवाय काहीच दिसेना. आधी माझी खिडकी झाकली, आता काकांची. या भागात दोन माणसांनी जरा बाहेर बघावं हे कोणाला सहनच होत नाही की काय, असं मला वाटलं. बिल्डरला फोन करायला मी निघाले होते. काकांनी थांबवलं.

लग्न झालं. सून आणि मीरा नव्या घरी गेल्या. तिथल्या पहिल्या रविवारी काकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. फोन लागला. पडद्यावर मीरा आली, नवा फ्रॉक, मागे अनोळखी भिंत.

"ताता, जेसीबी?"

काकांनी फोन जाळीकडे धरला. त्यांच्याकडे आता खोटं सांगण्याइतकी भाषा होती, पण ते म्हणाले, "जेसीबी लेदु." जेसीबी नाही.

तिने मान फिरवली. तिकडून कोणीतरी बाई, बहुधा नवी आजी, हळूच काही म्हणाली. मला वाटलं, संपलं आता. इतकी वर्षं मी लोकांवर चिडले, पण त्या क्षणी कोणावर चिडावं तेच कळेना, आणि ते फार वाईट होतं. काका फोन धरून तसेच उभे. आतून भांड्याचा आवाजही बंद झाला होता.

मग पडदा गरागरा फिरला. छत दिसलं, फरशी दिसली, खिडकीचे गज दिसले. गजांपलीकडे गच्ची, वाळत घातलेल्या मिरच्या, आणि कठड्यावरून चालत येणारं काहीतरी करडं. मीराचा आवाज आला, धावल्यासारखा, "ताता, कोति वस्तोंदि! चूडु! ताता, चूडु!"

तिच्यासमोर माकड मिरच्यांकडे येत होतं, आणि ते तिला टिटवाळ्याला सांगायचं होतं. खिडकीशी उभं राहून कसं सांगायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. आणि 'चूडु' हा हुकूम होता, साफ हुकूम. मुकादमाच्या तोंडून असले हुकूम ऐकून ज्या भाषेसाठी मी जन्मभर भांडले, त्या भाषेतला हा एक हुकूम मला कोणीही, कितीही वेळा करावा.

काकू ओट्यापासून दारात आल्या. हाताला कणीक लागलेली.

"अहो, काय म्हणते ती?"

काकांनी फोन आत आणून टेबलावर टेकवला.

"बघ म्हणते."

काकू तशाच कणकेच्या हातांनी येऊन फोनसमोर बसल्या आणि बघू लागल्या.